मशिदीची मोजणी

भूमिअभिलेख खात्याच्या चाकरीत ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्याला कोणतेही गाव प्रथम भेटते ते कागदावर. चावडीत तलाठ्याने समोर आणून ठेवलेल्या जीर्ण बासनांतून, हद्दीच्या टिपणांतून आणि आकारबंदाच्या रकान्यांतून गावाची एक आकृती मनाशी सिद्ध होते, आणि मग प्रत्यक्ष शिवारात पाऊल टाकल्यावर त्या आकृतीत माणसे, झाडे, विहिरी आणि तंटे हळूहळू येऊन बसतात. सांगली जिल्ह्यात, ज्याला माझ्या लहानपणी दक्षिण सातारा म्हणत त्या मुलुखात, येरळा नदीच्या काठी असलेल्या एका गावातील मशिदीचा आणि माझा परिचयही असाच कागदावरून झाला. दुमाला जमिनींची जी नोंदवही गाव नमुना ३ म्हणून ओळखली जाते, तिच्यात मारुतीच्या पूजेकरिता, भैरोबाच्या नंदादीपाकरिता आणि मशिदीच्या दिवाबत्तीकरिता दिलेल्या जमिनी एकाखाली एक लिहिलेल्या होत्या; एकाच कारकुनाचे वळणदार अक्षर, एकच शाई, आणि तिन्ही ओळींच्या शेवटी वर्ग ३ अशी नोंद.

या ओळीमागचा इतिहास दीर्घ आहे. आदिलशाहीत या प्रांतातील अनेक मशिदींना दिवाबत्तीसाठी जमिनी लावून दिलेल्या होत्या, आणि राज्य बदलले तरी त्या बहुधा चालूच राहिल्या. शिवछत्रपतींच्या राज्यात देवस्थानांप्रमाणेच पीर व मशिदी यांचीही दिवाबत्ती स्थान पाहून चालविली जात असे, हे कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत नमूद करून ठेवले आहे. इंग्रजी अमदानीत १८५२ च्या इनाम कमिशनने घरोघरच्या सनदा तपासल्या, ज्यांना कागद दाखविता आला नाही त्यांची इनामे खालसा झाली. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या कायद्याने व्यक्तींची इनामे गेली. परंतु देवस्थानांची राहिली, आणि त्यांच्या आधाराने ही मशिदीची ओळही राहिली. जमिनीचे उत्पन्न म्हणावे तर कोरडवाहू रानातील जोंधळ्याची काही पोती, तीही ज्या वर्षी पाऊस होईल त्या वर्षी. एवढ्या मिळकतीवर मशीद चालत असेल असे कोणाही हिशेबी माणसास वाटणार नाही, आणि मलाही वाटले नाही. मग ती कशावर चालत होती, हे मला त्या गावच्या मुक्कामात कळले, आणि तेच सांगण्यासाठी हा लेख आहे.

मी तेथे गेलो तो गावठाणाच्या मोजणीसाठी. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ साली झाला, आणि त्याअन्वये मोठ्या गावांची गावठाणे मोजून प्रत्येक घराचा नकाशा, प्रत्येक धारकाची मिळकत पत्रिका आणि सनद तयार करण्याचे काम आमच्या खात्याकडे आले. शेताचा सर्व्हे करणे त्या मानाने सोपे. शेताला बांध असतो, दगड असतो. गावठाणात मात्र एकाच्या भिंतीवर दुसऱ्याचे आढे टेकलेले, तिसऱ्याची मोरी चौथ्याच्या परड्यातून गेलेली, आणि तोंडी वाटण्यांना तीन पिढ्या लोटलेल्या. अशा गुंत्यात साखळी आणि फलकयंत्र घेऊन महिनोन्महिने उभे राहिल्यावर कोणते घर कोणाशी बोलत नाही हेही मोजणीदारास आपोआप समजू लागते.

मुसलमानांचे उंबरे तेथे तीसपस्तीसच होते. मुलाणी, तांबोळी, नदाफ, आतार, शिकलगार, मुजावर अशी आडनावे, आणि आडनावागणिक पूर्वापारचा व्यवसाय: तांबोळ्याची पानाची गादी, नदाफाची कापूस पिंजण्याची कमान, आताराचे कुंकू, बुक्का आणि सुगंधी द्रव्ये, जी आषाढी-कार्तिकीला पंढरीच्या वाटेवरील वारकऱ्यांच्या हाती पडत. घरात दखनीमिश्रित बोली, घराबाहेर येरळेकाठची मराठी. मशीद वस्तीच्या मध्यभागी नव्हे तर पेठेच्या टोकाला, एस. टी. जेथे थांबते त्या निंबाच्या बाजूला होती. काळ्या दगडाची तीन कमानींची दर्शनी भिंत, दोन ठेंगणे मनोरे, आत एकच दालन, त्यात मेहराब आणि तीन पायऱ्यांचा मिंबर. पुढे सोपा, सोप्यापुढे फरसबंद अंगण, अंगणात वजूचा लहानसा हौद आणि कोपऱ्यात आड. दरवर्षी रमजानपूर्वी चुन्याचा हात फिरे. सोप्याच्या एका बाजूस मयत नेण्याचा डोला, मयतास आंघोळ घालण्याचा लाकडी तख्ता आणि दोन मोठ्या तांब्याच्या देगी ठेवलेल्या असत. जन्मापासून मरणापर्यंतचे जे काही लहान घराला स्वतःच्या पैशाने बाळगता येत नाही, ते सारे तेथे सामाईक होते, आणि लग्नाला देग नेणाऱ्याने ती कलई करून परत आणावी एवढाच नियम होता.

मशिदीत पाऊल ठेवण्यापूर्वी मी परवानगी विचारली तेव्हा मुतवल्ली म्हणून जमातीने नेमलेले वृद्ध मुलाणीचाचा म्हणाले, “रावसाहेब, विचारायचं काय त्यात? पाय तेवढं धुऊन या. आन साखळी आत न्यायच्या आधी पुसून घ्या, रानातला चिखल हाय तिला.” माझ्या शिपायाने साखळीची एकूण एक कडी पुसली. पुढे आठवडे गेले तरी तो ती पुसल्याशिवाय आत नेत नसे.

पेशइमाम तरुण होते. बिहारच्या पूर्णियाकडचे, उत्तरेतील मदरशात शिकून आलेले, मराठी तोडकीमोडकी बोलणारे. गाव त्यांना मौलवीसाब म्हणे. त्यांना मिळणारा पगार इतका अल्प होता की त्याचा आकडा लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही. परंतु त्यांचे दोन वेळचे जेवण गावावर होते, आणि ते वारांनी ठरलेले होते. आज आताराकडे, उद्या नदाफाकडे, परवा शिकलगाराच्या विधवेकडे. सोप्यातील फळ्यावर खडूने घरांची नावे लिहिलेली असत. ती पाहून मला माझ्या वडिलांची आठवण झाली. तेही लहानपणी वाईला वेदपाठशाळेत असताना वार लावून जेवले होते, आणि ज्या घरी मंगळवार होता त्या घरच्या माउलीचे नाव ते म्हातारपणीही हात जोडून घेत. विद्या आणि अन्न यांची सांगड घालण्याची ही रीत एकाच मातीतून दोन्हीकडे उगवली असावी, अथवा गरिबीला सुचणारा हाच एक सभ्य मार्ग असावा.

फळ्यावर घरांची नावे पुरुषांची होती. प्रत्यक्षात तो सारा कारभार बायकांच्या हाती होता. कोणाच्या घरी बाळंतपण, कोणाकडे पीठ संपलेले, कोणाची सून माहेरी गेलेली, यांचा विचार करून वार बदलण्याचे काम तांबोळ्याची म्हातारी खाला करी. ती निरक्षर होती, म्हणून बदल सांगायला नातवाला मशिदीकडे पिटाळी, आणि तो फळ्यावरचे नाव पुसून दुसरे लिही. त्या भागातील रिवाजाप्रमाणे बायका मशिदीत नमाजाला जात नसत. ज्यांच्या भाकरीवर मशिदीची बांग चालू होती, त्यांनी तिची मेहराब कधी पाहिली नव्हती. मी एकदा चाचांना हे बोलून दाखविले. त्यांनी मान हलविली आणि “रिवाज हाय” एवढेच म्हणाले. त्या उत्तराने माझे समाधान तेव्हाही झाले नाही आणि आज इतक्या वर्षांनंतरही होत नाही.

चाचांचे घराणे वतनदार मुलाण्याचे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथात गावकऱ्यांच्या बलुत्याअलुत्यांची जी चिकित्सा केली आहे, ती वाचलेल्यास मुलाणा हा केवळ मुसलमानांचा सेवक नसून गावाचा हक्कदार होता हे ठाऊक असेल. जत्रेत भैरोबापुढचे बोकड कापायचे तर सुरी मुलाण्याने फिरवावी, हा येथला जुना पायंडा. मराठ्याच्या घरचे मटणही मुलाण्याने हलाल केल्याशिवाय शिजत नसे, आणि त्याबद्दल त्याला खळ्यावरचे बलुते व कापलेल्या जनावरातला वाटा मिळे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने नष्ट झाली, तो कायदा १९५९ च्या ऑगस्टात लागू झाला, आणि चाकरीची सक्ती संपून वतनी जमीन सारापटीची रक्कम भरून चाचांच्या नावे कायम झाली. तो फेरफार मी स्वतः दप्तरात पाहिला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्या दिवसापासून चाचांनी गावाकरिता काहीही करण्याचे कारण उरले नव्हते. तथापि जत्रेच्या दिवशी पहाटे सुरीला धार लावून ते भैरोबाच्या माळावर हजर असत. आणि पाटलाच्या वाड्यावरून बोलावणे आले नाही तर ते स्वतःच जाऊन विचारत, की यंदा बोकड नाही का धरला.

फजरची नमाज झाल्यावर सोप्यात मुलांचा मकतब भरे. आधी कायदा म्हणजे अरबी अक्षरओळखीची पुस्तिका, मग सिपारा, मग संपूर्ण कुराणाचे वाचन. मुले मागेपुढे डोलत मोठ्याने घोकत, आणि दहाच्या सुमारास दप्तरे उचलून जीवन शिक्षण मंदिरात पाढे म्हणायला जात. मुलीही येत, पण दहाबारा वर्षांच्या झाल्या की थांबत. निकाहाची वही मशिदीतच असे. तिच्यात वधूवरांची नावे, वकील, साक्षीदार आणि मेहरची रक्कम नोंदविलेली. आमच्या खात्याच्या नोंदींवर ज्याची श्रद्धा आहे अशा माणसाने ती वही पाहावी. इतकी स्वच्छ नोंद मी सरकारी दप्तरातही क्वचित पाहिली आहे.

परंतु ज्या सोप्यात ही वही उघडत असे, त्याच सोप्यात इशाच्या नमाजानंतर जमातीचा पंचही बसे. एकदा माझा मुक्काम शेजारच्या चावडीत असताना असा एक निवाडा माझ्या कानावर पडला. नवऱ्याने टाकलेली एक तरुण बाई माहेरी येऊन राहिली होती. तिच्या पोटगीचा प्रश्न होता. ती स्वतः अंगणाच्या भिंतीपलीकडे, अंधारात, धाकट्या मुलाला घेऊन उभी होती, आणि तिच्या वतीने तिचा भाऊ बोलत होता. भावाला धड बोलता येत नव्हते; दोन वेळा तो चुकीचे बोलला आणि भिंतीपलीकडून तिने दबक्या आवाजात दुरुस्त केले, तेव्हा कोणीतरी तिला गप्प बसविले. पंचांनी नवऱ्याकडून सुगीपर्यंतचे धान्य आणि मुलाच्या कपड्यांचा खर्च ठरवून दिला, आणि नवऱ्याने तो दिलाही. तालुक्याच्या कोर्टात तिला तेवढे मिळायला दोन वर्षे लागली असती, हे मी मान्य करतो. पण जिच्या आयुष्याचा निकाल लागत होता तिला सोप्यावर उभे राहून चार वाक्ये बोलता येऊ नयेत, हे मला असह्य झाले. त्याच काळात हमीद दलवाई या कोकणच्या मिरजोळीच्या पुत्राने तोंडी तलाकाविरुद्ध आवाज उठविला होता. १९६६ साली सात स्त्रियांचा मोर्चा घेऊन ते मुंबईत विधानभवनावर गेले होते आणि १९७० साली पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले होते. गावच्या शाळेतील उर्दू-मराठी दोन्ही वाचणारा तरुण गुरुजी मला त्यांच्याविषयी हलक्या आवाजात सांगे. मशिदीत मात्र तो हे बोलत नसे, आणि जुम्म्याची नमाज तो कधी चुकवीतही नसे.

मोहरमच्या बाबतीत मौलवीसाब आणि गाव यांच्यात मतभेद होता. गावात पीर बसत. पाटलाच्या घराण्याचा एक पंजा, धनगरांचा एक, नदाफांचा एक. कत्तलच्या रात्री खाईभोवती सारे गाव जमे, नवस फेडणारे निखाऱ्यांवरून चालत, आणि त्यांतले बहुतेक हिंदू असत. आमच्याच जिल्ह्यात कडेगावचे उंच ताबूत आणि त्यांच्या भेटी प्रसिद्ध आहेत. मदरशात शिकलेल्या मौलवीसाबांना यांतले काहीच दीनाला धरून वाटेना. चाचांनी त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले, आणि तोडगा काढला तो असा, की पीर मशिदीच्या दालनात न बसविता बाहेरच्या सोप्यात बसवावेत, आणि त्या दिवसांत मौलवीसाबांनी नमाज आत पढवावी. उंबरठ्याच्या आत दीन, उंबरठ्याबाहेर गाव. अशा व्यवस्थेला शास्त्राचा आधार नसेल. गाव मात्र याच आधारावर उभे असते. कुरुंदवाडच्या मशिदींत किंवा गोटखिंडीच्या मशिदीत गणपती बसतो, ही हकिकत वृत्तपत्रे दरवर्षी आवर्जून छापतात, आणि तिचे कौतुक योग्यच आहे. परंतु वर्षातून दहा दिवस दिसणाऱ्या सलोख्यापेक्षा उरलेल्या दिवसांत कोणी कोणाच्या मोरीला वाट दिली, याचे मोल मोजणीदाराला अधिक वाटते.

मी गेलो तेव्हा १९७२ च्या दुष्काळाची जखम अजून ओली होती. लोक खडी फोडण्याच्या कामावर गेलेले, मुले सुकडीवर जगलेली. त्या वर्षी गावच्या साऱ्या विहिरी आटल्या, आणि मशिदीच्या अंगणातल्या आडाला मात्र, नदीच्या जुन्या पात्राचा झरा लागलेला असल्यामुळे, पाणी टिकले. जमात बसली. मौलवीसाबांनी सांगितले, की माणसांना आणि जनावरांना पिण्यासाठी पाणी लागत असेल तर वजूसाठी ते खर्च करणे जरूर नाही. स्वच्छ मातीवर हात मारून तयम्मुम करावा, नमाज तशीच कबूल होते. त्या उन्हाळ्यात हौद कोरडा ठेवण्यात आला, आणि आड गावाला मोकळा झाला. गावाला म्हणजे साऱ्या गावाला. ज्यांना पाटलाच्या विहिरीवर अजूनही दूर उभे राहून पाणी वाढून घ्यावे लागे, त्या बौद्धवस्तीतील बायकांनी मशिदीच्या आडावर स्वतः दोर सोडला. यावरून पेठेत कुरबूर झाली, काही सवर्ण घरांनी तेथून पाणी नेणे बंद केले, आणि आठ-पंधरा दिवसांत तहानेने ती पुन्हा आली. हे मला त्या वस्तीतील एका वृद्धेने सांगितले. मशिदीच्या कोणीही सांगितले नाही. पावसासाठी इस्तिस्काची नमाज गावाबाहेर ईदगाहच्या माळावर, अंगावरची वस्त्रे उलटी करून पढली गेली, आणि त्याच आठवड्यात देवळात नामसप्ताह बसला. पाऊस दोघांच्याही प्रार्थनेला त्या वर्षी आला नाही.

आता माझ्या स्वतःच्या कामाकडे येतो. मशीद फलकावर उतरविताना माझ्या लक्षात आले, की तिच्या भिंती होकायंत्राच्या सुईशी अगदी काटकोनात आहेत. म्हणजे तिचे तोंड नेमके पश्चिमेस आहे. दख्खनच्या जुन्या मशिदींचे बहुधा असेच असते; काबा पश्चिमेला, एवढ्या ज्ञानावर पाथरवटाने पाया आखला. पण मक्का आहे सुमारे एकवीस अंश पंचवीस कलांच्या उत्तर अक्षांशावर, आणि आमचे गाव सतरा अंशांच्या आसपास; पृथ्वीच्या गोलावरून सर्वांत जवळची वाट काढली तर काबा येथून पश्चिमेच्या उत्तरेला सुमारे तेरा अंशांवर येतो. मी ते लॉगॅरिथमच्या कोष्टकांवरून काढून मौलवीसाबांना दाखविले. त्यांच्याकडे एक उर्दू पंचांग होते, त्यातही जवळपास हाच कोन दिलेला होता, आणि ते कित्येक महिने या विचाराने अस्वस्थ होते. बाहेरचा तरुण इमाम येऊन तुमच्या आजोबांच्या मशिदीची दिशा चुकली म्हणतो, असे व्हायला नको म्हणून ते बोलले नव्हते.

गोष्ट जमातीपुढे गेली तेव्हा मोठी शांतता पसरली. मग नदाफांतील एक वृद्ध उठून म्हणाले, “आमचं बाप-आजं ह्याच भिंतीकडं तोंड करून उभं ऱ्हायलं आन गेलं. त्यांची नमाज वाया गेली म्हणायचं का?” मौलवीसाब उत्तरले, की ज्याला काबा डोळ्यांना दिसत नाही त्याच्यावर त्या बाजूला तोंड करण्याचीच जबाबदारी आहे, थोडे डावे-उजवे झाल्याने नमाज मोडत नाही, ज्यांनी प्रामाणिकपणे पश्चिम धरली त्यांची नमाज त्यांच्या रबाकडे पोहोचली. त्या उत्तरात विद्या होती आणि दयाही होती. वृद्ध खाली बसले. पण आता कळल्यावर काय करायचे, हा प्रश्न उरलाच, आणि माझ्या कोष्टकावर विश्वास ठेवावा असे काहींना वाटत नव्हते. ते योग्यही होते. इबादतीची दिशा कोणाच्या कागदावरून का ठरवावी?

तेव्हा मी त्यांना एक उपाय सुचविला, जो जुन्या मुसलमान ज्योतिर्विदांनीच सांगून ठेवलेला आहे. वर्षातून दोनदा, मेच्या सत्तावीस-अठ्ठावीस तारखेस आणि जुलैच्या पंधरा-सोळा तारखेस, मक्केत भर दुपारी सूर्य बरोबर काब्याच्या माथ्यावर येतो. त्या क्षणी आपल्याकडे जेथून सूर्य दिसेल तेथून सूर्याकडे तोंड म्हणजे काब्याकडे तोंड. आपल्या घड्याळात मेमध्ये ती वेळ दुपारी दोन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सुमारास येते. जुलैमध्ये आमच्याकडे ढगांमुळे सूर्य दिसण्याची खात्री नसते. मेचा शेवट जवळ आलाच होता. त्या दिवशी आकाशात वळवाचे ढग होते, आणि जमात सकाळपासून वर पाहत होती. अंगणात तिवई रोवून मी ओळंबा सोडला. गुरुजीने आकाशवाणीच्या वेळेशी घड्याळ लावून आणले होते. अडीचच्या सुमारास ढग नदीपलीकडे सरकला, फरशीवर दोरीची बारीक, रेखीव सावली पडली, आणि गुरुजीने हात वर केला तेव्हा मी सावलीच्या दोन टोकांवर खडूच्या खुणा केल्या. पलीकडे एस. टी. ची वाट पाहणारे उतारूही कुंपणाशी येऊन उभे राहिले होते. खुणा जोडून आणि भिंतीशी कोन मोजून पाहिला, तो माझ्या कोष्टकातल्या कोनाशी इतका जवळ होता की मौलवीसाबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

भिंत पाडायची नाही, हे सर्वांना मान्य होते. ठरले ते असे, की मेहराब जशी आहे तशी राहील, आणि दालनाच्या फरशीवर नमाजाच्या सफा, म्हणजे रांगा, तेवढ्या तिरप्या आखल्या जातील. त्या रेषा मी दोरीने धरल्या आणि शिकलगाराच्या मुलाने हिरव्या रंगाने ओढल्या. रेषा तिरप्या झाल्याने दालनाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत त्रिकोणी जागा मोकळ्या राहिल्या, आणि प्रत्येक सफेत एक-दोन माणसे कमी बसू लागली. जुम्म्याला काहींना सोप्यात उभे राहावे लागले. मोकळ्या कोपऱ्यांपैकी एकात मुलांचे रेहाल आणि सिपारे ठेवण्यासाठी फळी ठोकली गेली. आजही त्या मशिदीच्या भिंती एक दिशा सांगतात आणि तिची जमीन दुसरी, आणि त्यात तेथल्या कोणाला विसंगती वाटत नाही.

यानंतर चौकशीचा दिवस आला. चौकशी अधिकाऱ्यापुढे प्रत्येक मिळकतीचा धारक ठरतो. मारुतीच्या देवळाला अडचण नव्हती. हिंदू कायद्यात देव हाच कायदेशीर व्यक्ती मानला जातो, त्यामुळे धारक श्री मारुती देव, वहिवाटदार अमुक पुजारी, अशी नोंद होते. मशिदीचे तसे नाही. तेथे मूर्ती नाही. मिळकत एकदा वक्फ झाली की देणाऱ्याची मालकी संपते आणि ती ईश्वराची मानली जाते, मुतवल्ली केवळ व्यवस्थापक. आणि लाहोरच्या शहीदगंज मशिदीच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने १९४० साली मशिदीला मूर्तीप्रमाणे कायदेशीर व्यक्ती मानण्याचे नाकारले होते. अधिकाऱ्याने चाचांना विचारले, मालक कोण लिहू? चाचा म्हणाले, “मालक अल्ला. आमी राखणदार. माझं नाव घालू नगा, साहेब. मी मेलो की पोरगं म्हनंल बापाची व्हती.” ज्या माणसाच्या नावाने सहज नोंद झाली असती, त्याने ती आपल्या मुलाच्या लोभाच्या भयाने नाकारली. अखेर मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय खात्यात झालेल्या नोंदणीचा दाखला काढून, धारक म्हणून वक्फ मशीद आणि वहिवाट जमातीतर्फे मुतवल्लीची, अशी नोंद झाली.

सर्वांत कठीण प्रश्न मात्र निंबाच्या कट्ट्याचा निघाला. निंब मशिदीच्या अंगणाच्या भिंतीला लागून, बाहेरच्या बाजूस. कट्टा जमातीच्या वर्गणीने बांधलेला. आणि त्यावर बसे सारे गाव. माझ्या साऱ्या चाकरीत हद्दीचा दगड हातभर पुढे सरकावा म्हणून लोकांनी माझे पाय धरले, मला धमक्या दिल्या, देवाच्या शपथा घातल्या. येथे जमातीतील वृद्ध मंडळी म्हणाली, की कट्टा मशिदीच्या हद्दीत घेऊ नका. आज घेतला तर उद्या कोणी तरुण एखाद्या उतारूला ऊठ म्हणेल, परवा कोणी उतारू मशिदीला ऊठ म्हणेल. तरुणांचे म्हणणे याच्या उलट होते. गुरुजी म्हणाला, की आपल्याजवळ कागद नसला म्हणजे आपले काय होते हे इनाम कमिशनच्या वेळी आपण पाहिले. खर्च जमातीचा, झाड जमातीने वाढविलेले, मग कागद सरकारच्या नावाने का? मला दोन्ही बाजू खऱ्या वाटल्या, आणि तरुणाची बाजू तर वर्षे जातील तशी अधिकच खरी वाटत गेली आहे; ज्याचा कागद नाही त्याचे सौजन्य कोणी दप्तरात लिहून ठेवीत नाही. रात्री उशिरापर्यंत वाद चालला. मी मत दिले नाही, ते माझे काम नव्हते.

दुसऱ्या दिवशी जबाब लिहिला गेला तो असा: कट्टा व निंब गावठाणातील खुल्या जागेत दाखवावा, त्यावर जमातीचा हक्क नाही, मात्र निंबाचा पाला हौदात पडतो, सबब मशिदीच्या बाजूच्या फांद्या दरवर्षी छाटण्याचा अधिकार मशिदीकडे राहील, आणि छाटलेले सरपण मशिदीच्या देगीखाली जाळण्यास कोणी हरकत घेऊ नये. हे शेवटचे कलम गुरुजीने घालायला लावले, आणि ते लिहून झाल्यावरच त्याने सही केली. चाचांनी अंगठा दिला, पाटलाने साक्षीची सही केली, आणि मी नकाशावर कट्ट्याभोवतीची रेषा तुटक काढून तिच्यावर सार्वजनिक असे लिहिले.